कामावर परतलेल्या मातेची जागा

बाळंतपणाची रजा संपवून हजर झालेल्या स्त्रीला त्याच दिवशी कामावरून काढून टाकण्याइतका अडाणी मालक आता शहरांत क्वचितच आढळतो. तो शहाणा झाला आहे. तो तिचे नाव पगारपत्रकावर ठेवतो आणि तिचे काम काढून घेतो. सहा महिन्यांपूर्वी ती ज्या टेबलावर बसत होती तेथे दुसरा कोणी बसलेला असतो. तिच्या हाताखाली काम शिकलेला इसम आता तिला कामे वाटून देतो. वर्षअखेरच्या अहवालात "कामगिरी सामान्य" असा शेरा पडतो, दूरच्या शाखेत बदलीचा हुकूम निघतो, आणि वर सांगण्यात येते की, "बाई, हे तुमच्याच सोयीसाठी केले आहे." दोन-चार महिन्यांत ती आपण होऊन राजीनामा लिहून देते. मालकाच्या दप्तरात त्या स्त्रीने स्वखुषीने नोकरी सोडली, एवढीच नोंद राहते.

वाचकहो, कायद्याने या प्रकारास परवानगी दिलेली नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाचे कलम १२ हेच सांगत होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजेची मुदत २६ आठवड्यांची झाली. पुढे हा अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्या कलम ६८ मध्ये तीच तरतूद कायम आहे. कायद्याप्रमाणे रजेवर असलेल्या स्त्रीला त्या गैरहजेरीच्या काळात अथवा त्या गैरहजेरीच्या कारणावरून काढता येत नाही, तसेच तिच्या नोकरीच्या अटींत तिला अपायकारक होईल असा बदल करता येत नाही. "कारणावरून" या शब्दाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. "काळात" या शब्दाला रजेच्या शेवटच्या दिवसाची सीमा आहे. "कारणावरून" या शब्दाला तशी सीमा नाही. रजा घेतली म्हणून तिसऱ्या महिन्यात केलेली बडतर्फीही बडतर्फीच ठरते.

मग अडते कोठे? अडते दाद मागण्याच्या वाटेवर. ज्या स्त्रीला बडतर्फ केले किंवा जिचा प्रसूतिलाभ नाकारला, तिला आदेश हाती पडल्यापासून साठ दिवसांच्या आत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येते. परंतु जिच्या नोकरीच्या अटी बिघडवल्या, तिचा उल्लेख अपिलाच्या त्या वाक्यात नाही. कायद्याने जे बेकायदेशीर ठरविले, त्यातील एका भागाविरुद्ध जवळचा दरवाजा उघडा ठेवला आणि दुसऱ्या भागासाठी निरीक्षकाकडे तक्रार किंवा न्यायालयाची लांबची पायरी दाखविली. शहाण्या मालकाने हीच फट हेरली आहे.

सरकारी मालकीची संस्था असली म्हणजे न्याय आपोआप मिळतो, असेही नाही. आयुर्विमा महामंडळाने परिवीक्षेवर असलेल्या एका महिला सहाय्यकास १९९० मध्ये प्रसूतीनंतर महिन्याभरातच नोकरीतून मुक्त केले. कारण काय, तर नोकरीस लागताना भरलेल्या जाहीरनाम्यात तिने आपल्या मासिक पाळीविषयी खरी माहिती दिली नाही! स्त्रीच्या पाळीविषयी आणि गर्भधारणांविषयी रकाने असलेला असा तो छापील नमुना होता. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला परत कामावर घेण्याचा हुकूम दिला आणि ते लाजिरवाणे रकाने काढून टाकण्यास महामंडळास सांगितले. तिचे काम असमाधानकारक होते असे दाखविणारा एकही पुरावा दप्तरात नाही, हेही न्यायालयाने नोंदविले. आमच्या मते या निकालातील हा भाग व्यवहारात सर्वांत उपयोगाचा आहे. "कामगिरी सामान्य" हा शेरा रजेपूर्वी कधीच पडला नसेल आणि रजेनंतर एकाएकी पडला असेल, तर तो शेराच मालकाविरुद्ध बोलू लागतो. त्यासाठी जुने अहवाल हाती असले पाहिजेत. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या भगिनींच्या हाती बहुधा एकही कागद नसतो. तोंडी हुकूम, तोंडी टोमणे आणि शेवटी स्वहस्ताक्षरातील राजीनामा, एवढीच त्यांची शिदोरी असते.

मालकवर्गाची तक्रार अशी की, काम न करणाऱ्या बाईचा पगार आम्हीच का सोसावा. ही तक्रार नवी नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिचा परामर्श घेतला होता. मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, हे त्यांना मान्य होते. परंतु मालक स्त्रीला कामावर ठेवतो तो स्वतःच्या फायद्यासाठी, तेव्हा त्याला जबाबदारीतून मोकळे सोडता येणार नाही, असे त्यांनी बजावले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आज जेथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे तेथे प्रसूतिलाभाची रक्कम महामंडळ देते. तेथेही परतलेल्या बाईचा छळ होत असेल, तर पगाराच्या भाराची सबब लटकी आहे हे उघड होते. विम्याबाहेरच्या आस्थापनांत मात्र सारा भार एकट्या मालकावर पडतो, आणि बाबासाहेबांनी सरकारला दाखवून दिलेला वाटा सरकारने अद्याप उचललेला नाही. हा वाटा टाळला जातो तोवर लग्न झालेल्या तरुणीला नोकरी देताना मालक मनात हिशेब करीतच राहणार.

रस्ते झाडणाऱ्या, खडी वाहणाऱ्या, कंत्राटदाराच्या यादीवर असलेल्या आमच्या भगिनींची स्थिती याहून निराळी आहे. त्यांना बदलीचा हुकूमही मिळत नाही. नव्या यादीत नाव नसते, एवढेच. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निर्णय दिला की, प्रसूतिलाभ कायम नोकरीतील स्त्रियांपुरता मर्यादित नाही. घरकाम करणाऱ्या बाईला मात्र हा निकालही पुरा पडत नाही. तिचा मालक या तरतुदींच्या कक्षेतच येत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ व्या ठरावपत्राने दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. रजेनंतर स्त्रीला तीच जागा किंवा त्याच वेतनाची समकक्ष जागा मिळाली पाहिजे, आणि तिला काढल्यास काढण्याचे कारण मातृत्व नव्हते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर राहील. भारताने या ठरावपत्रास मान्यता दिलेली नाही. या दोन गोष्टी संहितेत शब्दशः आणाव्यात, आणि अटींतील अपायकारक बदलाविरुद्धही साठ दिवसांचे अपील द्यावे, अशी मागणी कामगार संघटनांनी व महिला मंडळांनी लेखी करावी. तोवर ज्या भगिनीवर हा प्रसंग आला असेल तिने राजीनामा लिहू नये. कामावर हजर झाल्याचा अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. जुनी जागा का दिली नाही, याचे लेखी उत्तर मागावे. बडतर्फीचा कागद हाती पडलाच तर त्यावर मिळाल्याची तारीख घालून त्याच दिवसापासून साठ दिवस मोजावेत.