विश्लेषण : कृत्रिम स्नायू माणसाच्या स्नायूंहून ताकदवान, मग रोबो अडले कुठे?

छताला टांगलेला, चेहरा नसलेला आणि हातपाय झाडणारा ‘प्रोटोक्लोन’ हा रोबो फेब्रुवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर गाजला. क्लोन रोबोटिक्स कंपनीच्या दाव्यानुसार त्याच्या अंगात एक हजारांहून अधिक कृत्रिम स्नायू आहेत. मात्र, तो स्वतःच्या पायांवर उभा नव्हता. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या संशोधकांनी पेपर क्लिपपेक्षा हलका रोबो सुमारे १००० सेकंद हवेत तरंगत ठेवला. दोघांनाही हलवतात ते कृत्रिम स्नायूच. मग चिमुकला रोबो पुढे आणि माणसाएवढा मागे, असे का?

कृत्रिम स्नायू म्हणजे काय?

नेहमीच्या रोबोत मोटर फिरते आणि गिअरमार्फत सांधा हलतो. ही रचना दणकट, पण जड आणि कडक असते. आकार काही मिलिमीटरवर आला की घर्षण वरचढ ठरते आणि मोटरची कार्यक्षमता घसरते. कृत्रिम स्नायूत फिरणारा भागच नसतो. हवा, उष्णता किंवा वीज मिळाली की तो पदार्थ स्वतःच आकसतो, पसरतो किंवा वळतो. यातले बरेच स्नायू मऊ असल्याने माणसाच्या अंगाजवळ वापरायला ते सुरक्षित ठरतात.

ते चालतात कसे?

हवेवर : १९५० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ मॅककिबेन यांनी पोलिओ झालेल्या आपल्या मुलीच्या हातासाठी असा स्नायू वापरला. रबरी नळीभोवती विणलेली जाळी असते. नळीत वायू भरला की ती जाड होते आणि लांबीला आखडते.

उष्णतेवर : निकेल आणि टायटॅनियमचा निटिनॉल हा मिश्रधातू तापवल्यावर मूळ आकारात परततो. वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या तारांतही तो असतो. २०१४ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या (डॅलस) रे बॉमन यांच्या गटाने गळाच्या नायलॉन दोऱ्याला पीळ देऊन स्नायू बनवला. तेवढ्याच लांबी-वजनाच्या मानवी स्नायूच्या १०० पट वजन त्याने उचलले.

विजेवर : रबराच्या पातळ पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना लवचीक इलेक्ट्रोड असतात. विद्युतदाब दिला की विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, पापुद्रा दबतो आणि आडवा पसरतो. एमआयटीच्या रोबोचे पंख असेच फडफडतात.

मग अडचण कुठे?

ताकदीत नाही, तर त्या ताकदीसाठी लागणाऱ्या बाकीच्या सरंजामात. हवेच्या स्नायूला पंप, झडपा आणि नळ्या लागतात. स्नायू हलका असला तरी हा सगळा पसारा जड होतो. उष्णतेचा स्नायू तापतो झटकन, पण थंड व्हायला वेळ घेतो, शिवाय ऊर्जा खूप खातो. पीळ दिलेल्या नायलॉनची कार्यक्षमता जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भरते. मानवी स्नायू साधारण २० ते २५ टक्के ऊर्जा कामात बदलतो. विजेच्या स्नायूला प्रवाह थोडा, पण विद्युतदाब हजारो व्होल्ट लागतो.

लहान आकारात गणित का जमते?

तार जितकी बारीक, तितके आकारमानाच्या तुलनेत तिचे पृष्ठफळ जास्त, त्यामुळे ती लवकर थंड होते. ऊर्जाही मोजकीच लागते. म्हणूनच काही मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी चित्र स्थिर राहावे यासाठी अशाच केसासारख्या बारीक तारा भिंग सरकवतात. विजेच्या स्नायूंतही पापुद्रा पातळ केला की कमी दाबात काम भागते. एमआयटीच्या गटाने २०२१ मध्ये २० पातळ थर रचून हा दाब ५०० व्होल्टपर्यंत खाली आणला. घरातल्या २३० व्होल्टशी तुलना केली तर ही मजल लक्षात येते. तरीही या रोबोला वीज बाहेरून, तारेनेच मिळते.

यात कोणाचे काय पणाला?

पक्षाघातानंतर बोटांचा व्यायाम करून घेणारे हवेचे मऊ हातमोजे आज मिळतात, पण त्यांना पंपाची साथ लागतेच. मॅककिबेन यांच्या मुलीच्या हाताला वायूची टाकी लागत होती. ७० वर्षांनंतरही रुग्णाला दिवसभर सहज घालून फिरता येईल, असा उपाय सर्रास उपलब्ध नाही. त्यामुळे हे तंत्र आधी कॅमेरे, शस्त्रक्रियेची सूक्ष्म उपकरणे आणि कीटकाएवढे रोबो यांत रुळण्याची शक्यता अधिक आहे. घरकाम करणारा स्नायूधारी रोबो त्यानंतरचा.

तेव्हा ‘माणसापेक्षा १०० पट ताकदवान’ असा पुढचा व्हिडीओ मोबाइलवर आला, तर तीन गोष्टी तपासा : पंप किंवा वीजपुरवठा चौकटीबाहेर आहे का, एका मिनिटात तो स्नायू किती वेळा आकसतो आणि किती लाख वेळा आकसल्यावरही टिकतो? व्हिडीओत ताकद दिसते, पण रोबो कामाचा आहे की नाही, ते या तीन उत्तरांवर ठरेल.