मुसळीला बी धरू द्या

अमरावतीच्या राजापेठेत आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मुसळीचे चूर्ण मागितले की डबी लगेच पुढे येते. आतली मुसळी शेतातली आहे की जंगलातली, हे डबीवर सहसा लिहिलेले नसते आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. मेळघाटात, गाविलगडच्या डोंगरातल्या पांढऱ्या मुसळीचे पुढे काय होणार, ते याच न विचारलेल्या प्रश्नावर ठरते आहे.

मृगाचा पाऊस झाला की सागाच्या विरळ सावलीत, पाणी न साचणाऱ्या उतारावर, कुजलेल्या पाल्यातून मुसळीची पात वर येते. आषाढ-श्रावणात पातीच्या मधून एक सरळ दांडा निघतो आणि त्यावर चांदणीसारखी पांढरी फुले लागतात. सहा पाकळ्या, मध्ये सहा पिवळे पुंकेसर. फुले खालून वर, रोज थोडी थोडी उमलतात. खालच्या फुलाच्या जागी तीन कप्प्यांचे हिरवे बोंड धरलेले असते, तेव्हा शेंड्याला कळ्या अजून मिटलेल्या असतात. बोंड तडकले की बारीक काळे बी मातीत पडते. दसऱ्याच्या सुमारास पात वाळून जाते आणि जमिनीवर झाडाची खूण उरत नाही. खाली बोटाएवढ्या मांसल मुळ्यांचा झुबका पुढच्या पावसाची वाट पाहत असतो. बाजाराला हवा असतो तो हा झुबका.

या वनस्पतीला शास्त्रीय नाव मिळाले १९५५ साली. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचे वर्णन केले आणि मुंबईच्या बोरिवलीवरून तिला ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ म्हटले. पुढे शक्तिवर्धक म्हणून तिचा बोलबाला झाला, मागणी देशाबाहेर गेली आणि जंगले उकरली गेली. भारतीय वनस्पतींच्या ‘रेड डेटा बुक’मध्ये ती दुर्मीळ म्हणून आली. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी अग्रक्रमाच्या ज्या ३२ वनस्पती निवडल्या, त्यांतही ती आहे. यादीत नाव चढल्याने जंगलातली खोदाई मात्र थांबत नाही.

खरी गोम आहे खोदण्याच्या वेळेत. शेतकरी मुसळी लगेच काढत नाही. पात वाळल्यावरही तो मुळ्या जमिनीत राहू देतो, साल तपकिरी पडली, मूळ भरले की मगच उपटतो. जंगलात ही मुभा नाही. पात गेली की झाड सापडत नाही, म्हणून ती हिरवी असतानाच खणावे लागते, म्हणजे नेमके फुलोऱ्याच्या दिवसांत. मूळ कोवळे, साल पांढरी, वाळवल्यावर वजन आणखी घटलेले. खणणाऱ्याच्या हाती पैसे कमी पडतात आणि बी धरण्याआधीच झाड जाते. त्यात मुसळीच्या बियांची उगवण मुळातच फार थोडी. एकदा खणलेला उतार वर्षानुवर्षे ओका राहतो तो यामुळे.

यात जंगलात खणणाऱ्या कोरकू आदिवासी माणसाला दोष देणे मला मान्य नाही. आषाढ-श्रावण हे मेळघाटातले सगळ्यात कठीण महिने. घरातले धान्य संपत आलेले असते, नवे पीक शेतात असते, मजुरी तुटक असते. त्या दिवसांत डोंगरातली एक पिशवी ओली मुसळी म्हणजे आठवड्याचे मीठ-मिरची. साधारण पाच किलो ओल्या मुळ्यांची सोलून, वाळवून किलोभर मुसळी होते. म्हणजे त्या एका किलोमागे किती झाडे जातात, याचा हिशेब करावा. रोजगार हमीची कामे याच दोन महिन्यांत हाताशी राहिली, तर मुसळीवरचा मोठा भार आपोआप उतरेल.

आणि जंगल उकरण्याची गरज तरी काय? डोंगर उतरला की पायथ्याला अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा. इथला बारी समाज पानमळे आणि पानपिंपळीबरोबर मुसळीही पिकवतो. बेणे कसे राखावे, मुळ्या कधी काढाव्यात, सोलून कशा वाळवाव्यात, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मुसळी म्हणजे पांढरे सोने, असे सांगून मध्यंतरी भरमसाट भावाने बेणे विकले गेले, अनेक नवखे शेतकरी त्यात बुडाले आणि पिकाचे नाव खराब झाले. पण पानमळेवाल्यांनी पीक सोडले नाही. शासनाला मुसळी वाचवायची असेल, तर या शेतकऱ्याला खात्रीची खरेदी आणि मालाच्या मूळ जागेचा दाखला, एवढे दिले पाहिजे. शेतातले पीक मुळांच्या झुबक्यापासूनच वाढवतात, बियांपासून क्वचितच. त्यामुळे बियांतून येणारे वैविध्य टिकते ते डोंगरात. तिथली मुसळी संपली, तर शेतातल्या बेण्याला रोग लागल्यावर नवे वाण आणायचे कुठून?

डोंगरातली मुसळी राखायला कायद्याचाही आधार आहे. वनहक्क कायदा २००६ चा. गौण वनोपजात औषधी वनस्पती, मुळे आणि कंद त्याने स्पष्ट शब्दांत घातले आहेत, आणि सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपल्या जंगलाचे नियम करता येतात. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाने हा हक्क मिळवून उजाड रान सांभाळले आणि सीताफळाची विक्री स्वतः उभी केली. २०१४ मध्ये गावाच्या या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सीताफळाला जे जमले, ते मुसळीला का जमू नये? नियम अवघड नाहीत. श्रावणात झाडाशेजारी खुंटी ठोकून ठेवायची, खणायचे ते घटस्थापनेनंतर. तोवर बी पडलेले असते आणि मूळही भरलेले. खणताना डोळ्यासकट दोन-तीन मुळ्या त्याच खड्ड्यात परत लावायच्या. एका उतारावर एक वर्ष खणले, तर पुढची काही वर्षे तिकडे फिरकायचे नाही.

परतवाडा-धारणीच्या व्यापाऱ्यांनीही एक ठरवावे: श्रावण-भाद्रपदात आलेली ओली, पांढऱ्या सालीची मुसळी घ्यायची नाही. माल कोवळा आहे हे त्यांना हातात घेताच कळते. आणि राजापेठेतल्या गिऱ्हाइकाने डबी घेताना मुसळी कुठली, एवढे विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही, तर डबी परत करावी.