जवळचा देखावा

१८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी पुढें तिचे सभासद होते. त्या काळीं जड कॅमेरा, तिपाई व रसायनें यांचा खटाटोप करावा लागे. म्हणून काय टिपावें याचा विचार आधीं होई. आज कॅमेरा खिशांतल्या फोनांत आला, पण तो विचार उणा झाला. माथेरानास गेलों कीं आम्ही शंभर चित्रें काढतों. आंबिवलीजवळच्या काळू नदीचें एकही काढीत नाहीं.

आमच्या मतें हौशी छायाचित्रकारानें आरंभ आपल्या गांवापासून करावा. मोहने येथील रेयॉनचा कारखाना २००९ सालीं बंद पडला. तो चालू असतांनाचीं चित्रें आज किती घरीं सांपडतील? देखावा पालटल्यावर तो टिपतां येत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं नदीकांठचें एकच स्थळ ज्येष्ठांत, भाद्रपदांत व माघांत टिपावें. सकाळच्या तिरप्या उन्हांत छाया उठून दिसतात. रुळांवर मात्र कदापि उभें राहूं नये. प्रत्येक चित्राबरोबर तारीख व स्थळ लिहावें. पालकहो, असा संग्रह म्हणजे गांवाचें दप्तरच होय. या छंदास रिकामा खेळ म्हणूं नका.