ऐंशीनंतरचा खुबा



ऐंशीनंतर खुबा मोडला तर ऑपरेशन नको, पायाला वजन बांधून निजवा, हा एका वाचकपत्रातला सल्ला जिवावर बेतणारा आहे. अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस शय्याव्रण, न्यूमोनिया किंवा पायातल्या रक्ताच्या गुठळीने जातो. मांडीचे हाड खुब्याजवळच्या मानेखाली मोडले असेल, तर सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर पाहत लहान छेदांतून सळई बसवतात. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. (हाड मानेतच मोडून तुकडा सरकला असेल, तर बहुधा कृत्रिम गोळा लागतो.) ब्रिटनमधली उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी नाइस संस्था २०११ पासून सांगते, दाखल झाल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करा. मालेगावात मात्र आधी मालीशवाला, मग पैशांची जुळवाजुळव. पैशांसाठी थांबण्यापेक्षा सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी रेशनकार्ड घेऊन योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, भेटा.

— एक वाचक, मालेगाव