मल्लाची प्रगती मोजावी कशी?

मागे एकदा वर्गात खाशाबा जाधवांचा विषय निघाला होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक पदक, असे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत होतो. तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तिसरे आले म्हणजे ते हरलेच ना?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण प्रश्न मनातून जाईना.

आम्ही समुद्रकाठचे, घरी कोकणी बोलणारे. तालमीची लाल माती आम्हांस ठाऊक झाली ती निपाणीस नोकरीसाठी आल्यावर. येथे प्रत्येक पालकास कुस्तीतले कळते, आणि तरीही मैदानावरून परतताना जो तो एवढेच विचारतो, "कोण पडला?" मल्लाची पारख करण्यास हा प्रश्न पुरेसा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खाशाबांचेच पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. १९४८ साली तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला, ५२ किलो वजनाच्या गटात खेळला आणि सहावा आला. पदक नाही म्हणून कोणी हळहळले असेल. परंतु तोवर त्याची सारी कुस्ती मातीतली होती. मातीत पाय रुततो, घामेजल्या अंगास माती चोळली की पकड बसते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ लागेपर्यंत दम धरून राहता येते. गादीवर यातले काहीच नाही. अंग निसरडे, पायाखाली लुसलुशीत गादी, डोक्यावर घड्याळ आणि समोर गुण मोजणारे पंच. तेथे नुसते थोपवून धरणारा मागे पडतो. लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन शिक्षकाने त्यांस गादीचे धडे दिले. आणि त्या अपुऱ्या शिदोरीवर त्यांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील मल्लांस हरविले. इराणच्या मल्लापुढे मात्र त्यांचे काही चालले नाही. वर्षानुवर्षे मोडीत लिहिणाऱ्यास एकाएकी बाळबोध लिपीत परीक्षा द्यावयास बसवावे, तसाच हा प्रकार होता. सहावा क्रमांक आम्हांस तेव्हाच मोठा वाटतो.

पुढली चार वर्षे मेहनतीची होती. दुसऱ्या प्रवासाचा खर्च उभा राहीना, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (मल्लाची खरी पारख कोणास होती, हे येथे कळते. गुरूने असा विश्वास टाकावा, हे आम्हां शिक्षकांस थोडे लाजविणारेही आहे.) हेलसिंकीस खाशाबा ५७ किलोच्या गटात उतरले, म्हणजे प्रतिस्पर्धी पूर्वीपेक्षा वजनदार. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांस त्यांनी हरविले. समोरच्याची मान काखेत आवळून त्यास खाली आणणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव. डाव मातीतलाच होता, पण आता तो गादीवर चालत होता.

आता हारीकडे वळू. ते हरले दोघांकडून. एक जपानचे शोहाची इशी आणि दुसरे सोव्हिएत रशियाचे रशीद मामेदबेकोव्ह. त्या गटाचे सुवर्णपदक इशींस आणि रौप्यपदक मामेदबेकोव्हांस मिळाले. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण होय. इशींशी झालेली लढत लांबली आणि लगेच खाशाबांस दुसऱ्या कुस्तीस उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता; पण ते सांगावयास आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगतात. थकलेल्या देहाने ते लढले आणि पडले. लंडनमध्ये गादी नवखी होती म्हणून ते हरले होते. हेलसिंकीत त्यांस हरविण्यासाठी जगातले पहिले दोन मल्ल लागले. हा फरक पदकाच्या धातूवर दिसत नाही.

असे वैयक्तिक पदक भारतास पुन्हा मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीत तर २००८.

मागच्या बाकावरल्या त्या विद्यार्थ्यास आम्ही हे सारे सांगितले. तो काही लगेच पटला असे दिसले नाही. परंतु पुढच्या महिन्यात तालुक्याच्या स्पर्धेतून हरून आलेल्या आपल्या मित्रास तो विचारत होता, "गेल्या वर्षी ज्या पकडीत सापडलास, त्यातच पुन्हा सापडलास का?" मित्र म्हणाला, "नाही, त्यातून सुटलो. पण दुसरीत अडकलो." मग ती दुसरी पकड कशी होती, हे दोघेही मैदानात एकमेकांचे मनगट धरून पाहू लागले. तास सुरू झाल्याची घंटा झाली होती. आम्ही त्यांस हटकले नाही.