हॉबी म्हणायचं की हातभट्टी?

मोबाइलवर ‘होममेड वाइन’ टाइप करून बघा. काचेची चकचकीत बरणी, काळी द्राक्षं, मागे हळू आवाजात गिटार आणि हसत हसत साखर मोजणारा कुणीतरी. बघताना वाटतंच, भारी हॉबी आहे राव! आता पेपरात जळगाव-धुळ्याचं पान उघडा. चार ओळींची एक बातमी वर्षभर अधूनमधून भेटत राहते: हातभट्टी उद्ध्वस्त, कच्चं रसायन नष्ट, गुन्हा दाखल. हे ‘रसायन’ म्हणजे काय? गूळ किंवा मोहफुलं पाण्यात आंबवून केलेलं द्रावण. बरणीत जे चाललंय तेच, फक्त पिंपात.

मग एक छंद आणि दुसरा गुन्हा कसा? हा फरक विज्ञानाचा, कायद्याचा, की करणाऱ्याच्या ऐपतीचा? ‘भो, बाथरूममध्ये बरणी ठेवू का?’ असा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल, तर त्याने आधी हे समजून घ्यायला हवं.

विज्ञानापासून सुरू करू. यीस्ट नावाची एकपेशीय बुरशी साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. हे किण्वन. द्राक्षाच्या रसावर झालं की वाइन, मोड आणून वाळवलेल्या जवावर झालं की बियर. अल्कोहोल साधारण चौदा-पंधरा टक्क्यांवर गेलं की बहुतेक यीस्ट त्यातच मरतं, त्यामुळे नुसतं आंबवून कडक दारू होत नाही. त्यासाठी ते द्रावण तापवून वाफ गोळा करावी लागते, म्हणजे ऊर्ध्वपातन. आपल्या भाषेत ‘गाळणं’. आंबवणं आणि गाळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

या बरणीला कमी लेखू नका. अकरावीच्या प्रॅक्टिकलला तुम्ही जो पीएच मोजता, ती मोजपट्टी सोरेन्सनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केली. ती बियर कंपनीची प्रयोगशाळा होती. स्टॅटिस्टिक्सवाल्यांची ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ १९०८ ची, आणि तो ‘स्टुडंट’ म्हणजे गिनेस या बियर कंपनीत नोकरी करणारा विल्यम गॉसेट. लुई पाश्चरने वाइन का खराब होते यावर आख्खं पुस्तक लिहिलं. सूक्ष्मजीवशास्त्राचा बराचसा अभ्यास दारूच्या पिंपाशेजारी उभा राहून झालाय.

आणि आपल्याला तर हे जवळचं असायला हवं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलची केळी देशभर जाते. तिकडे आफ्रिकेत रवांडामध्ये केळीच्या रसात ज्वारीचं पीठ घालून ‘उर्वाग्वा’ नावाची बियर करतात. केळी आणि ज्वारी! दोन्ही आपल्या शेतातली. तिथे ती लग्नात, पाहुण्यांसमोर मानाने येते.

आता कायदा. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यात ‘दारू’च्या व्याख्येत वाइन, बियर, ताडी आणि अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव येतो, आणि परवान्याशिवाय ती तयार करायला मनाई आहे. ‘स्वतःपुरती केली’, ‘विकली नाही’, ‘फक्त दोन बाटल्या होत्या’ अशी छंदासाठीची सवलत त्यात नाही. नाताळात घरोघरी वाइन करणाऱ्या केरळमध्येही डिसेंबर २०१९ मध्ये उत्पादन शुल्क विभागाने घरगुती वाइन बेकायदा असल्याचं बजावलं होतं. शिवाय पिण्याच्या परवान्याचं वय आपल्याकडे बियरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे. म्हणजे हॉस्टेलवर बरणी लावणारा एफवायचा पोरगा एकाच वेळी दोन नियम मोडतो.

बाहेर काय चित्र आहे? ब्रिटनमध्ये घरी बियर करायला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर बियर करायची मुभा दिली. पण नीट बघा: मुभा आंबवायला, गाळायला नाही. स्वतःसाठी, विकायला नाही. त्यांनी रेघ ओढली ती त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आणि घर व धंदा यांच्या मध्ये.

अमेरिका लांब राहिली, शिरपूरहून आग्रा रोडने सेंधव्याकडे निघा. पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश. डोंगर तोच सातपुडा, झाड तेच मोहाचं, माणसंही तीच. इकडे त्यांना पावरा म्हणतात, तिकडे बारेला. पण तिकडच्या अबकारी कायद्यात अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना घरच्या वापरासाठी, ठरलेल्या मर्यादेत, पारंपरिक दारू करायची सूट आहे. त्यापुढे जाऊन मध्य प्रदेशने २०२२ च्या धोरणात मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दारूचा दर्जा दिला. इकडे चोपडा-यावल-शिरपूरच्या पाड्यांवर मात्र देवाला मोहाची धार सोडणाऱ्या घरातही पोलीस येऊ शकतात. मोहफुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावर असलेले जुने निर्बंध राज्य सरकारने शिथिल केले तेही २०२१ मध्ये. आणि त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०२२ मध्ये, मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला! विरोध झाला, अंमलबजावणी झाली नाही, पण कुणाची बाटली प्रतिष्ठेची आणि कुणाची लाजेची, ते कळून गेलं.

इथे दुसरी बाजू टाळून चालणार नाही. ‘आडवी बाटली’साठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका काही मागासलेल्या नाहीत. घरातला पगार, भांडी, कधीकधी हाडंही दारूपायी मोडलेली त्यांनी पाहिली आहेत. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तिथे मारलं ते मिथेनॉलने. औद्योगिक वापराचं हे रसायन नफ्यासाठी दारूत मिसळतात. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं, आधी डोळे जातात, मग जीव. नुसत्या आंबवण्यात मिथेनॉल अगदी नगण्य तयार होतं. पण याचा अर्थ बरणी निर्धोक आहे असा काढू नका. घट्ट बूच लावलेल्या बाटलीत वायू साठत जातो आणि काच फुटते. बियरचं बरंचसं यीस्ट वीस अंशांच्या आसपास खूश असतं, आणि आपला मे महिना ४५ ला टेकतो.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. आज, हा कायदा असताना, खोलीवर हा प्रयोग करू नका. गुन्ह्याची नोंद झाली तर नोकरीच्या आणि पासपोर्टच्या पडताळणीत ती मागे लागते, आणि ‘हॉबी होती साहेब’ हे उत्तर तिथे चालत नाही.

पण कायदा बदलावा, हे म्हणायला हरकत नाही. विक्री, गाळणं आणि भेसळ यांवर हवा तेवढा कडक हात ठेवा. स्वतःपुरतं, मर्यादेत, सज्ञान माणसाने घरी आंबवलेलं त्यातून वेगळं काढा. पाड्यावरच्या मोहाला मध्य प्रदेशसारखी मोजून-मापून सूट द्या. आणि क्रम असाच हवा: आधी पाडा, मग शहरातला हौशी. ज्यांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्यांच्यावर केस आणि ज्यांनी ते व्हिडिओत पाहिलं त्यांना परवाना, असं झालं तर तो बदल नको.

तोवर किण्वन शिकायचंच असेल तर आंबील आहे, ताक आहे, ढोकळ्याचं पीठ आहे. मायक्रोबायोलॉजीची मैत्रीण असेल तर तिच्या लॅबमध्ये सरांच्या परवानगीने यीस्ट एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कळी फुटावी तशी एका पेशीतून दुसरी निघताना दिसते.

आणि पुढच्या वेळी ‘कच्चं रसायन नष्ट’ ही बातमी वाचाल तेव्हा पान उलटण्याआधी विचारा: पिंप विकणाऱ्या धंदेवाल्याचं होतं, की सणासाठी मोह आंबवणाऱ्या एखाद्या आजीचं? बातमीत ते लिहिलेलं नसतं. कायद्यालाही अजून तो फरक करता येत नाही.