लेणीतला पुरावा संगणकावर आणा

ओझरच्या एच.ए.एल. वसाहतीतून मुंबई-आग्रा महामार्ग धरला की नाशिक ओलांडताच त्रिरश्मी बुद्ध लेणीचा डोंगर लागतो. लोक आजही त्याला 'पांडवलेणी' म्हणतात. पण पांडवांनी लेणी खोदल्याचे तिथला एकही शिलालेख सांगत नाही. डोंगराचे नाव लेखांत 'तिरण्हु' असे कोरले आहे आणि लेणी कोणी व कोणाला दान दिली, हेही कोरले आहे.

आम्ही वकील कागद पाहिल्याशिवाय बोलत नाही. तेव्हा दहाव्या लेणीतला नहपानाचा जावई उषवदात याचा लेख पाहा. भिक्खुसंघाला लेणी दान देऊन त्याने ३,००० काहापणांची कायम ठेव गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवली. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्खूंचा खर्च भागवायचा. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवल्याचेही लेखात आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचे हे नोंदणीकृत दानपत्रच नव्हे काय?

हा लेख ब्राह्मीत आहे. चळवळ तिला धम्मलिपी म्हणते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ती उलगडली. तरीही आमच्या मुलांच्या मोबाईलवर हे लेख बहुधा फोटो म्हणूनच फिरतात. फोटोत शब्द शोधता येत नाही, त्यातला मजकूर उचलून पुढे नेता येत नाही.

तांत्रिक सबब आता उरलेली नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला दिलेला, जगभर एकच असलेला क्रमांक. देवनागरीला तो १९९१ पासून आहे, ब्राह्मीला ऑक्टोबर २०१० मध्ये मिळाला. ब्राह्मी 'अ'चा क्रमांक ११००५. 'नोटो सॅन्स ब्राह्मी' हा फॉन्टही मोफत मिळतो. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याचा कसा चिवडा होतो, हे आमच्या छापखान्यातल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. युनिकोडमध्ये ती वेळ येत नाही.

मात्र एक खबरदारी हवी. क्रमांक अक्षराची ओळख सांगतो, वळण नाही. अशोककालीन आणि नाशिकच्या लेखांतले वळण वेगळे असले तरी क्रमांक एकच. म्हणून टाईप केलेल्या लेखाशेजारी मूळ छायाचित्र ठेवलेच पाहिजे. झिजलेले अक्षर अंदाजाने भरले असेल तर तशी खूण करा. पुराव्यात स्वतःच खाडाखोड केली तर खटला आपल्याच अंगावर उलटतो.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आले नाही. 'परंपरा' हा शब्द पुरावा ठरत नाही, हा त्या निकालाचा धडा आहे. तो लेणीच्या नावालाही लागू पडतो.

ओझरला विमाने जोडणारे हात आहेत, संगणक शिकलेली मुले आहेत. प्रत्येक विहाराने एक लेख घ्यावा. ब्राह्मी मजकूर, देवनागरी लिप्यंतर आणि मराठी अर्थ, एवढेच करावे. दगडावरचे अक्षर पावसाने झिजते आहे. ते पूर्ण पुसले गेल्यावर आम्ही कोणता पुरावा दाखवणार?

जयभीम!